कंपवातात मेंदूचा सराव: मोबाइल ॲप, थेरपिस्ट, गट की चालता चालता?

न्यूरोलॉजिस्टने ‘थोडं कॉग्निटिव्ह ट्रेनिंग’, म्हणजे लक्ष, आखणी, आठवण यांचा सराव, ‘करून बघा’ असं सांगितलं की घरात पहिला प्रश्न येतो पैशांचा आणि दुसरा गाडीचा. गोव्याच्या टोकाच्या पेडण्याहून किंवा काणकोणहून आठवड्यातून दोनदा माणसाला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत), कोण नेणार? त्यापेक्षा टॅबलेटवर एखादं ॲप टाकून दिलं तर नाही का चालणार? की ते सगळं सोडून रोज फिरायला नेलेलं बरं? माझे मामा फोंड्याला असतात, त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यासाठी हीच चाचपणी करावी लागली, म्हणून हे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघतो आहे.

आधी नेमकं बिघडतं काय ते बघू. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा बुद्धीला धक्का लागत नाही असं लिहून ठेवलं. पुढे ते खरं ठरलं नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) न झालेल्या रुग्णांतही साधारण चौघांतल्या एकाला तपासणीत दिसेल इतपत बौद्धिक अडचण असते. अल्झायमरपेक्षा तिची तऱ्हा वेगळी. गोष्ट बहुतेकदा डोक्यात साठलेली असते, वेळेवर हाती लागत नाही. थोडी खूण दिली की आठवते. खरी ओढाताण होते ती कामाची आखणी करताना, एका कामावरून दुसऱ्यावर जाताना, लक्ष टिकवताना आणि अंतराचा अंदाज घेताना. तव्यावर बांगडे आहेत, तेवढ्यात फोन वाजला, तर फोन तरी अर्धवट होतो नाहीतर बांगडे करपतात.

यावर पैसे घालण्याआधी औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा, असं मी कळकळीने सांगेन. कंप थांबावा म्हणून दिलेली पॅसिटेन उतारवयात स्मरणशक्तीला चांगलीच नडते. सर्दी-खाजेसाठी घरात पडून असलेली एव्हिल, झोपेच्या काही गोळ्या, लघवी आवरण्याची काही औषधंही तशीच. यातली कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण विचारायचं नक्की. त्याबरोबर बी-१२, थायरॉइड, ऐकू येतं का, मोतीबिंदू, उभं राहिल्यावर रक्तदाब किती पडतो, रात्रीची झोप आणि उदासी हेही तपासून घ्या. उदास माणूस विसराळू दिसतो, आणि उदासीवर औषध आहे. माणूस दोन-तीन दिवसांत अचानक बरळायला लागला तर तो सरावाचा विषयच नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नुकतंच बदललेलं औषध शोधायला तडक दवाखाना गाठा.

आता मुख्य मुद्दा. या सरावाने फरक पडतो का? २०१५ साली सात चाचण्यांतल्या २७२ रुग्णांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा एकूण सुधारणा छोटी दिसली. त्यातल्या त्यात बरी सुधारणा होती ती एखादी गोष्ट मनात धरून ठेवून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेत. उदाहरणार्थ, दुकानदाराने सांगितलेले आकडे लक्षात ठेवून बेरीज करणं. कोक्रेन ही संस्था उपचारांचे अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात मात्र ज्यांची बौद्धिक अडचण आधीच निदानात आली होती असेच रुग्ण घेतले होते. सात अभ्यास, २२५ माणसं. एकूण बुद्धिक्षमता सुधारल्याचा पुरावा तिथे मिळाला नाही, आणि अभ्यास लहान असल्याने त्यावरही फार विसंबू नये असं त्यांनीच नोंदवलं. या दोन्हींतून मी एवढंच घेतो: ज्याचा सराव कराल त्यात थोडं सुधारेल, आणि तेही अडचण सौम्य असेपर्यंत जास्त. ‘स्मरणशक्ती वाढवून देतो’ असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा. म्हणून आधी घरात बसून ठरवा की आपल्या माणसाचं नेमकं कुठे अडतं, आणि त्याच्याजवळ जाणारा सराव निवडा.

मोबाइल आणि टॅबलेटवरची ॲपं

स्वस्त, घरबसल्या, पावसाळ्यातही चालू. ही बाजू भक्कम आहे. ‘इनसाइट’ नावाच्या कार्यक्रमाची २०१३ मध्ये कंपवाताच्या ८७ रुग्णांवर चाचणी झाली. घरच्या घरी तीन महिने सराव केल्यावर पडद्यावरची चित्रं टिपण्याचा त्यांचा वेग सुधारला. पुढे नेदरलँड्समध्ये आठवडे आठ, आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी ४५ मिनिटं असा ऑनलाइन सराव मोठ्या काळजीने तपासला गेला. दुसऱ्या गटाला साधे खेळ दिले होते. आखणीच्या चाचणीतल्या अचूकपणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. जाहिरातींबद्दल सांगायचं तर, ल्युमॉसिटी बनवणाऱ्या कंपनीने फसव्या दाव्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकहिताच्या यंत्रणेशी २० लाख डॉलरवर तडजोड केली.

कागदावर न दिसणाऱ्या अडचणी वेगळ्याच. मामांना चित्रांच्या जोड्या लावायचा खेळ दिला होता. जोडी कुठे आहे ते त्यांना माहीत असायचं, तोंडाने सांगायचेही, ‘वरच्या ओळीतलं तिसरं.’ पण बोट टेकताना थरथरायचं आणि शेजारचं चित्र उघडायचं. ॲपच्या लेखी ती चूक. गुण उतरत गेले तसे मामा म्हणाले, ‘डोकं गेलं आता.’ डोकं कुठे गेलं होतं, बोट गेलं होतं. मग मनगटाखाली घडी केलेला टॉवेल आणि हातात टचचा जाड पेन दिला, वेळेची मर्यादा काढून टाकली, आणि सिंडोपा (कंपवाताची लेव्होडोपाची गोळी) घेतल्यानंतरचा तासाभराचा बरा वेळ निवडला. गुण सावरले. तेव्हा ॲप घेताना त्याचे गुण कसे लावतात यापेक्षा त्यातलं घड्याळ बंद करता येतं का, हे आधी बघा.

भाषेचाही प्रश्न आहे. बहुतेक ॲपं इंग्रजीत. शब्दांचे खेळ मराठी शाळेत शिकलेल्या, किंवा चौथीपर्यंत पोर्तुगीज आणि पुढे मराठी असा प्रवास केलेल्या माणसाची परीक्षा घेतात ती इंग्रजीची. चित्रांचे, रंगांचे, आकड्यांचेच खेळ घ्या. आणखी एक गोष्ट, जी डॉक्टर कधी कधी घाईत सांगायची राहून जाते: प्रॅमिपेक्झोल किंवा रोपिनिरोल ही कंपवाताची औषधं चालू असलेल्या काही जणांना जुगाराचा, खरेदीचा किंवा तासन् तास एकाच खेळाचा नाद लागतो. तो औषधाचा दुष्परिणाम असतो, स्वभावाचा दोष नव्हे. मांडवीत कॅसिनो उभे असलेल्या आणि गल्लीत मटका चालणाऱ्या आपल्या गोव्यात हे घरच्यांना ठाऊक असलेलं बरं. ॲपला बँकेचं कार्ड जोडू नका.

थेरपिस्टसमोर बसून

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. खर्च जास्त, येण्याजाण्यात अर्धा दिवस मोडतो, गोमेकॉत गेलात तर ओपीडीची रांग आली. तरी माझं मत या बाजूला झुकतं, कारण चांगली थेरपिस्ट गुणांच्या मागे न लागता तुमच्या दिवसाच्या मागे लागते. एका बाईंनी मामांना दिलेला कागद असा होता: शुक्रवारचा म्हापशाचा बाजार. बँक, चष्म्याचं दुकान, चणा आणि पापडाची खरेदी, बहिणीकडे जेवण. बँकेचं काम दुपारच्या आत, जड पिशवी शेवटी, साडेबाराची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, परतीची बस चुकवायची नाही. आता क्रम लावा. मामांनी पहिल्यांदा पापड पहिले घेतले आणि पिशवी घेऊन दिवसभर फिरले, कागदावर. बाईंनी चूक दाखवली नाही, फक्त विचारलं, ‘हातात काय आहे तुमच्या आता?’ मामा हसले आणि क्रम खोडून पुन्हा लावला. पुढच्या वेळी त्यात एक अडथळा वाढवला: बँक बंद. असा सराव ॲप देत नाही.

याच जोडीला त्या थेरपिस्ट बाई कसरतीशिवायचे उपायही शिकवतात. गोळ्यांचा खणांचा डबा, फोनमध्ये गजर, एका वेळी एकच सूचना, टीव्ही बंद करून बोलणं. मेंदू याने बळकट होत नाही, दिवस मात्र सोपा जातो. महिन्यातून एकदाच जाणं जमत असेल तरी जा आणि मधल्या काळाचा गृहपाठ लिहून मागा. पहिल्याच भेटीत विचारा की सुरुवातीची चाचणी कोणती, ती मराठीत किंवा कोकणीत घेणार का, आणि तीन महिन्यांनी फरक कशावरून ठरवणार. गोळ्यांच्या ‘ऑफ’ वेळेत, म्हणजे गोळीचा असर ओसरलेला असताना, चाचणी घेऊ नका म्हणून सांगा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर या भेटी त्यात बसतात का ते आधीच विचारून घ्या, बसतील असं गृहीत धरू नका.

गटात

स्पेनमध्ये ४४ रुग्णांवर केलेल्या एका चाचणीत कागद-पेन्सिलीचा गटातला सराव तीन महिने, आठवड्यातून तीन दिवस चालला. विचारांचा वेग, पाहिलेलं लक्षात राहणं आणि रोजच्या कामांतली अडचण, तिन्हींत फरक दिसला. अभ्यास छोटा, पण रोजच्या कामापर्यंत पोचलेले असे निकाल या विषयात थोडेच आहेत. आठवड्याला तीन दिवस आपल्याकडे कोण जमवणार, हा मात्र प्रश्नच. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या आधाराने रुग्ण एकत्र येतात, नाचाचे वर्गही झाले. तसं जवळपास नसेल तर गावचं भजनी मंडळ सोडू नका. अभंगाचे शब्द आठवणं, टाळ धरणं, दुसऱ्याच्या ओळीनंतर आपली ओळ उचलणं हा लक्षाचा सरावच आहे. त्याने बुद्धी वाढल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. माणूस घराबाहेर पडतो आणि मोठ्याने गातो, एवढं पुरे. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधायचं कामही घरातल्या पोरांनी हातातून काढून घेऊ नये. आजोबांनी खुर्चीवर बसून कुठलं फळ कुठे ते सांगायचं, वर चढायचं पोरांनी.

चालता चालता

हा पर्याय घरच्यांच्या यादीत बहुधा नसतोच, आणि मी तो वर ठेवीन. २०१६ साली पाच देशांतल्या ३०२ वृद्धांवर चाचणी झाली, त्यात कंपवाताचे बरेच रुग्ण होते. अर्ध्यांना नुसतं ट्रेडमिलवर चालवलं, अर्ध्यांना समोरच्या पडद्यावरचे अडथळे बघत, वाट निवडत चालवलं. सहा आठवड्यांच्या या सरावानंतर पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या गटात पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. नेदरलँड्समध्ये घरी सायकल मारण्याच्या व्यायामाने हालचाली बऱ्या राहिल्याच, पुढच्या तपासण्यांत मेंदूवरही त्याचा चांगला परिणाम दिसला. म्हणजे डोक्यासाठी पाय हलवणं हे नुसतं म्हणायचं नाही.

आपल्याकडे पडदा नसला तरी फिजिओ हेच शिकवू शकतो: चालताना शंभरातून तीन-तीन वजा करणं, हातात पाण्याचा पेला धरून वळणं, ‘म’ने सुरू होणारी गावं सांगणं. पण सांभाळून. ज्यांचे पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात किंवा जे गेल्या वर्षात पडले आहेत, त्यांनी हे फिजिओ शेजारी असल्याशिवाय करू नये. रोजच्या चालण्यात उलट ‘आधी चाल, मग बोल’ हाच नियम. जुलैत चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा सगळं घरात, भिंतीजवळ.

मग घ्यायचं काय? निदान नवं असेल, माणूस हिंडता-फिरता असेल, तर व्यायाम आधी, त्यात डोक्याचं काम मिसळून. थेरपिस्टकडे ठराविक भेटी. ॲप तोंडी लावायला. पाय अडखळत असतील तर फिजिओशिवाय पुढे जाऊ नका. गाव लांब आहे, गाडी नाही, मुलगा आखातात आहे, तर चित्रांचं ॲप आणि थेरपिस्टचा लिहून दिलेला गृहपाठ हे बरं. माणूस जे आवडीने चार महिने करील तेच निवडा. मामांनी शब्दकोडी पहिल्या आठवड्यातच बाजूला टाकली, बाजाराचे कागद मात्र मागून घेतले.

डिमेन्शिया झाला असेल, म्हणजे माणूस रोजच्या व्यवहारातही परावलंबी झाला असेल, तर ही तुलना लागू नाही. तिथे चुका दाखवणारा सराव माणसाला चिडवतो. रिव्हास्टिग्मिन या औषधाबद्दल न्यूरोलॉजिस्टशी बोला. कंपवातातल्या डिमेन्शियावर त्याचा मध्यम फायदा २००४ च्या मोठ्या चाचणीत दिसला होता. आणि सांभाळणाऱ्याकडे बघा. गोव्यातच डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या तालुक्यांमधल्या ८१ कुटुंबांत चाचणी केली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती सर्वसाधारण डिमेन्शियावर होती. गावातल्याच शिकवलेल्या माणसांनी घरी जाऊन माहिती दिली, वागणूक कशी हाताळायची ते सांगितलं, आणि सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. तेव्हा थेरपिस्टकडे जाल तेव्हा मामींसारख्या सांभाळणाऱ्या माणसासाठी त्याच भेटीतली पंधरा मिनिटं वेगळी मागून घ्या, रुग्णाला बाहेर बसवून.