९ महिने, ३,२०० मैल: एसयूव्हीमागे ट्रेलर आणि ट्रेलरवर मियाटा

मार्चमध्ये ट्रेलर घेतला तेव्हाच ठरवलं होतं की लगेच काही लिहायचं नाही, एक अख्खा सीझन वापरून मगच लिहायचं. आता नोव्हेंबर संपत आलाय, कॅलिफोर्नियातल्या रेस ट्रॅकवर, म्हणजे थंडरहिलला चार वेळा, लगुना सेकाला तीनदा, बटनविलोला दोनदा जाऊन आलो, आणि इथल्या मंडळातले तीन-चार जण सारखे विचारतात की बाबा रे आम्हालाही ट्रॅक-डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) करायचाय, आमची एसयूव्ही ओढेल का? तर हे त्यांच्यासाठी.

आधी सामान काय ते सांगतो. ओढणारी गाडी २०१९ची फोर्ड एक्स्पिडिशन, फोर बाय फोर, हेवी ड्युटी टो पॅकेजवाली. ट्रेलर १८ फुटी, उघडा, लोखंडी, दोन ॲक्सल, स्वतःसकट एकूण ७,००० पाउंड पेलणारा, सेकंडहँड. वर २००१ची माझ्दा मियाटा, छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, रोलबार टाकलेली, साधारण २,४०० पाउंड. रिकामा ट्रेलर २,१०० पाउंड. म्हणजे दोन्ही मिळून ४,५००, आपल्या हिशोबात दोन टनांच्या जरा वर.

आता मुद्द्याचं. "ओढेल का" हा प्रश्नच चुकीचा आहे हो. ओढते. एक्स्पिडिशनचं ३.५ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन आहे, मागे काही आहे असं चढावर वाटतसुद्धा नाही. विचारायचं ते हे की थांबेल का, आणि मागचा ट्रेलर सरळ राहील का. मला हे पहिल्याच ट्रिपला कळलं आणि त्या दिवशी शेजारी बायको आणि मागे दोन्ही मुलं होती म्हणून मी ते कधीच विसरणार नाही.

झालं असं, फ्रीमाँटहून पहाटे निघालो, ६८० हायवेने वर, बेनिशियाचा पूल (टोल ॲक्सल मोजून घेतात, ट्रेलरचे दोन धरून चार, हे पण आधी माहीत नव्हतं), मग ८०, मग व्हेकाव्हिलहून ५०५. ज्यांनी ५०५ पाहिलाय त्यांना माहितीये, सपाट, दोन्हीकडे शेतं, आणि वारा. विंटर्सच्या पुढे एक मोठा ट्रक डावीकडून पास झाला, त्याची हवा लागली आणि ट्रेलर डोलायला लागला. पहिला हेलकावा हलका, मला वाटलं वाराच आहे. दुसरा मोठा. तिसऱ्याला एक्स्पिडिशनची मागची बाजू खेचल्यासारखी उजवीकडे गेली आणि आरशात मियाटा लेनच्या पट्ट्यावर दिसली. स्पीड ताशी ६२ मैल होता. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की लिमिट ५५, ते मला माहीत होतं आणि तरी मी ६२ने चाललो होतो, ही चूक माझीच.

नशिबाने एक गोष्ट आधी वाचून डोक्यात बसवली होती: अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने उलटसुलट सावरायला जायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, आणि डॅशबोर्डवर जो ट्रेलर ब्रेक कंट्रोलर असतो त्याचा हाताने चालवायचा खटका दाबायचा. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रेलर मागून ताणला जातो आणि रेषेत येतो. चार-पाच सेकंदात आला. पुढच्या एक्झिटला उतरून एका शेताच्या कडेला दहा मिनिटं नुसते बसून होतो, कोणी काही बोललं नाही.

कारण काय होतं? मी मियाटा ट्रेलरच्या बरोबर मधोमध उभी केली होती, डोळ्याला छान दिसेल अशी, आणि ट्रॅकचे चार जादा टायर, जॅक, टूलबॉक्स असं अडीचशे पाउंड सामान तिच्या मागे, कारण तिथून काढायला सोपं. म्हणजे पुढे हिचवर (गाडीमागचा, ट्रेलर जोडायचा सांधा) जे वजन बसायला हवं, ज्याला टंग वेट म्हणतात, ते कमी पडलं. नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर बसलं पाहिजे. घरी येऊन टंग स्केल मागवला, जसंच्या तसं लोड करून मोजलं तर ३४० पाउंड. तेव्हा एकूण ४,७५० होतं, म्हणजे फक्त ७ टक्के. शेपटीकडे जड असलेला ट्रेलर डोलतोच, गाडी कितीही भारी असू दे.

मग काय केलं, तर सामान सगळं एक्स्पिडिशनमध्ये टाकलं आणि मियाटा ८ इंच पुढे घेतली. फक्त ८ इंच! हिशोब सोपा आहे, २,४०० पाउंड गुणिले ८ इंच, भागिले हिचपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, माझ्याकडे ते साधारण १७५ इंच, उत्तर ११० पाउंड. मागचं सामान निघाल्याने आणखी साधारण १०० पुढे आले, आणि नवीन टंग वेट ५५० आलं, एकूण ४,५००च्या १२ टक्के. पुढच्या महिन्यात त्याच ५०५ वर तसाच वारा, तसेच ट्रक, आणि ट्रेलर ढिम्म हलला नाही. आता ट्रेलरच्या फळीवर पिवळ्या पेंटने रेघ मारलीये, पुढचा टायर त्या रेघेला टेकला की थांबायचं.

पण आता दुसरा मुद्दा, जो लोक हमखास विसरतात. हे ५५० पाउंड तुमच्या एसयूव्हीच्या पेलोडमध्ये मोजले जातात. ब्रोशरमध्ये माझ्या गाडीची ओढायची ताकद ९,००० पाउंडांच्या वर लिहिलीये, ऐकून छाती फुगते, पण खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक एवढ्यावर नको असा. माझा १,६५० आहे. आता बघा, आम्ही चौघं ४९० पाउंड, सामान २५०, टंग वेट ५५०, हिचचं लोखंड ९०, वर तंबू-खुर्च्या-कूलर-डबे १५०. झाले १,५३०. म्हणजे ब्रोशरच्या निम्मं वजन ओढतोय आणि पेलोड जवळजवळ संपला. लहान एसयूव्हीवाल्यांनी हे आधी कागदावर मांडा, मग ट्रेलर बघायला जा. फोररनरवाल्या मित्राला हेच सांगितलं, त्याची लिमिट ५,००० आहे, मियाटासकट ट्रेलर ओढता येतो खरा, पण सोबत पूर्ण कुटुंब आणि सामान घेऊन नाही. तो आता ॲल्युमिनिअमचा हलका ट्रेलर शोधतोय, मला ते पटतं.

तिसरं, वजन वाटणारी हिच, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशनवाली. टंग वेट ५००च्या वर गेलं की मी ती लावतोच. (तुमच्या हिचखाली स्टिकर असतो, त्यावर साध्या हिचचा आणि या हिचचा आकडा वेगवेगळा असतो, वाकून वाचा.) होतं काय की मागे ५५० टेकले की पुढची चाकं हलकी होतात, तराजूसारखं, आणि पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ब्रेकची पकड कमी. आय-५ हायवेवरच्या एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर (ट्रक तोलायचा काटा) तीनदा वजन केलं: नुसती गाडी, मग ट्रेलर लावून, मग हिचचे स्प्रिंग बार (हेच वजन पुढच्या चाकांकडे परत ढकलतात) ताणून. बार न लावता पुढच्या ॲक्सलवरचे २८० पाउंड गेले होते, बार लावल्यावर त्यातले बरेचसे परत आले. प्रत्येकाने एकदा तरी तिथे जावं, ट्रकवाल्यांच्या मागे रांगेत उभं राहायचं, थोडक्या पैशात तुमच्या ॲक्सलवर नेमकं काय चाललंय ते कळतं.

ब्रेकचं सेटिंग. एक्स्पिडिशनमध्ये कंट्रोलर कंपनीचाच आहे, तो चांगला आहे, हळू दाबलं तर ट्रेलर हळू, जोरात दाबलं तर जोरात. पण गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते, स्वतः लावावा लागतो. रिकाम्या पार्किंगमध्ये २०-२५च्या स्पीडला नुसता हाताचा खटका दाबायचा, ट्रेलरची चाकं लॉक होईपर्यंत गेन वाढवायचा, मग थोडा कमी करायचा. रिकाम्या ट्रेलरचा गेन वेगळा, भरलेल्याचा वेगळा. आणि ब्रेक-अवेची वायर, जी ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावते, ती गाडीच्या फ्रेमला लावा, साखळीला नाही. तिची छोटी बॅटरी वर्षभर तशीच पडून असते, माझी घेतली तेव्हा मेलेली होती, म्हणजे ज्याच्याकडून घेतला तो माणूस इतकी वर्षं ब्रेक-अवेशिवाय फिरत होता.

त्याच माणसाने सांगितलं होतं की टायर नवीन आहेत. नक्षी खरंच नवीन होती. जुलैत बटनविलोला जाताना, केटलमन सिटीच्या अलीकडे, भर दुपारी मागचा डावा टायर फुटला, आवाज बंदुकीसारखा, फेंडरचा पत्रा वर वाकला. दोन ॲक्सल असल्यामुळे ट्रेलर सरळ राहिला, एकच ॲक्सल असता तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. नंतर टायरच्या अंगावर शेवटचे चार आकडे वाचले: २३१५. म्हणजे २०१५ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. ट्रेलरचे टायर झिजून नाही मरत, उभ्या-उभ्या उन्हाने मरतात, आतून सैल होतात. चारही बदलले, लोड रेंज ई, म्हणजे जास्त वजन पेलणारे, घेतले, आणि हवा टायरवर लिहिलेली पूर्ण, थंड असताना. रस्त्याच्या कडेला एक युक्ती कामाला आली, जॅकची गरजच पडली नाही: त्याच बाजूचं चांगलं चाक एका जाड लाकडी उतारावर चढवलं की फुटलेलं चाक हवेत उचललं जातं. लाकूड आता कायम बरोबर असतं. आणि ट्रेलरच्या नटांचा पाना गाडीच्या पान्याहून वेगळा असतो, घरीच लावून बघा.

बांधणं. चार चाकांना चार पट्टे, टायरवरून जाणारे, रॅचेटवाले, प्रत्येकाची काम करायची क्षमता ३,३३३ पाउंड (पाकिटावर मोठ्या अक्षरात १०,००० लिहितात, तो तुटायचा आकडा, कामाचा नव्हे). चेसिसला न बांधता टायरला बांधलं की गाडीचं सस्पेन्शन मोकळं राहतं आणि खड्ड्यात पट्टा ढिला होत नाही. तरी पहिल्या १५ मैलांनंतर थांबून मी चारही ओढून बघतो आणि दर वेळी एखादा तरी दात आवळला जातोच.

जोडताना सगळ्यात उपयोगी सवय ही: हिचच्या बॉलवर ट्रेलरचा कपलर (बॉल धरणारी लोखंडी वाटी) बसवला, खटका लावला, पिन टाकली, की ट्रेलरच्या जॅकने त्याचं नाक परत वर उचलायचं. गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला पाहिजे. उचलला तर कपलरने बॉल धरलाय, नुसता वर टेकलेला नाही. एकदा माझा नुसताच टेकलेला निघाला, ड्राइव्हवेमध्येच कळलं. बॉलचं माप पण बघा, २ इंची बॉलवर २ आणि ५/१६ इंचाचा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उचकटतो. साखळ्या कपलरच्या खालून फुलीसारख्या, म्हणजे सुटलाच तर ट्रेलरचं नाक साखळ्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

उतारावर टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायचं गिअरचं सेटिंग) फार आवडला. ऑगस्टमध्ये ट्रॅक नव्हता पण रिनोहून एका मित्राची गाडी आणायला गेलो होतो, परत येताना डॉनर समिट, ७,२०० फुटांवरून सॅक्रामेंटोपर्यंत उतारच उतार. काका कोल्हापूर-मुंबई ट्रक चालवायचे, ते म्हणायचे घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, पायावर उतरू नकोस. ही दहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी तेच करते, ब्रेकला जरा पाय लावला की खालचा गिअर टाकून इंजिनवर धरून ठेवते. ब्रेक मी थोडा वेळ ठाम दाबून सोडत होतो, सतत पाय ठेवून नाही. खाली उतरल्यावर टेंपरेचर गनने ट्रेलरच्या चाकांचे हब तपासले (हे प्रत्येक स्टॉपला करतो), चारही सारखेच गरम, म्हणजे बेअरिंगही ठीक आणि ब्रेकही कुठे चिकटत नाहीत.

रिव्हर्सबद्दल सगळे घाबरतात, त्यावर मी फार लिहीत नाही. स्टिअरिंग खालून धरा, ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्या. फोर्डची नॉबवाली सिस्टीम चांगली आहे, ट्रेलरवर चौकड्यांचा स्टिकर लावून मापं भरावी लागतात, पण मी आता हातानेच करतो, बायको मागे उभी राहून फोनवर सांगते, तिचं "बस, बस, थांब" कॅमेऱ्यापेक्षा लवकर येतं.

न आवडलेलं: मायलेज. एरवी हायवेला गॅलनमागे २० मैलांच्या आसपास, ट्रेलर लावून ११-१२, आणि टाकी २३ गॅलनची, म्हणजे बटनविलोला जाऊन येताना दोनदा भरावं लागतं, आणि प्रत्येक पेट्रोल पंपावर ट्रेलरसकट वळायला जागा नसते, म्हणून ट्रकवाल्यांचे मोठे पंप आधी नकाशात बघून ठेवतो. लगुना सेकाला हायवे ६८ वरून आत शिरतानाचा चढ खडा आहे, तिथे पुढच्या ट्रेलरवाल्यापासून भरपूर अंतर ठेवा.

मंडळातल्या ज्यांना बघायचंय त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी घरी या. बेअरिंग काढून नवीन ग्रीस भरायचंय, त्यानंतर मियाटा चढवून टंग स्केलवर पुन्हा मोजणार आहे. तुमच्या गाडीच्या दारातल्या स्टिकरचा फोटो घेऊन या, तुमचा हिशोब तिथेच बसून करू.