नव्या व्हीएमसीसाठी बीटी४० होल्डर घेताय? आमच्या गळ्यात जुने मारले, ते असे

पहिली व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) घेणारा माणूस टूलिंगच्या व्यापाऱ्याला लांबूनच ओळखू येतो. बँकेचं कर्ज मंजूर झालेलं असतं, फाउंडेशन भरून तयार असतं, हप्ता कधी सुरू होणार ते तोंडपाठ असतं आणि कटर व ते स्पिंडलमध्ये धरणारे होल्डर यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मशीनच्याच इतर खर्चात निम्मी संपलेली असते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. आसपासच्या फाउंड्र्यांची कास्टिंग घेऊन लेथ आणि रेडियल ड्रिलवर काम करून देत होतो. मिलिंगची मागणी वाढली म्हणून बीटी४० स्पिंडलची (बीटी४० म्हणजे होल्डरच्या टेपरचं, निमुळत्या भागाचं, ठरलेलं माप), २४ टूलच्या एटीसीची (टूल आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेची) व्हीएमसी घेतली, आणि तिच्या होल्डरच्या खरेदीत आम्हाला ठरवून फसवलं गेलं. ही पद्धत उद्या दुसऱ्या कुणावर वापरली जाऊ नये, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

व्यापारी स्वतः शॉपवर आला. बोलायला गोड. "साहेब, एटीसीला २४ पॉकेट आहेत, म्हणजे २४ होल्डर लागणारच. एकदम घ्या, पॅकेजमध्ये बसवून देतो." ईआर३२ कोलेट चक (कोलेट म्हणजे कटर आवळून धरणारी चिरा दिलेली बाही), साइड लॉक (बाजूच्या स्क्रूने कटर धरणारा होल्डर), फेसमिल आर्बर, ड्रिल चक, कोलेटचा सेट आणि सगळ्यांचे पुल स्टड (होल्डरच्या मागचा बोल्ट, ज्याला धरून मशीन होल्डर आत ओढतं), असं ते पॅकेज. माल एका नावाजलेल्या तैवानी कंपनीचा, जुना स्टॉक काढून टाकायचाय म्हणून दर उतरवलेला, असं त्याने सांगितलं. नमुना म्हणून दोन होल्डर ठेवून गेला. ते अस्सल होते, आजही चालतात. आरटीजीएस झाल्यावर बाकीचा माल आला. प्रत्येक होल्डर प्लास्टिकच्या डबीत, तेल लावलेला, सोबत तपासणीचा कागद: टेपर एटी३ (टेपरच्या अचूकतेचा दर्जा), रनआउट (फिरताना टूलचं मध्यापासून डगमगणं) ३ मायक्रॉन, बॅलन्सिंग जी२.५ (तोल साधल्याचा दर्जा). बाहेरून बघणाऱ्याला शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं.

पहिल्याच कामात १० मिमीचे कार्बाइड एंडमिल जायला लागले. चार धारांपैकी एकच धार चिरायची, समोरची जवळजवळ कोरी राहायची. ज्यांनी मिलिंग नव्याने सुरू केलंय त्यांच्यासाठी सांगतो. दर दाताला ०.०४ मिमी फीड दिली आणि टूल ०.०४ मिमी रनआउटने फिरत असेल, तर एक धार तिच्या वाट्यापेक्षा बरीच जास्त कापते आणि समोरच्या धारेला कमी काम उरतं. चॅटर (थरथर) येतो, फिनिश जाते, बोअर मोठा होतो, आणि आपण फीड कमी करत बसतो. फीड कमी केल्याने दुखणं झाकलं जातं, जात नाही.

व्यापाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: "मशीनचा स्पिंडल तपासून घ्या." नव्या मशीनवर संशय ढकलणं हा या धंद्यातला हुकमी डाव आहे, कारण पहिल्या मशीनवाल्याकडे ताडून बघायला दुसरा स्पिंडलही नसतो आणि जुना होल्डरही नसतो. मशीन कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर आला. त्याने टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून लिव्हर डायलने (मायक्रॉन दाखवणाऱ्या घड्याळी गेजने) स्पिंडल तपासला. नाकाशी ३ मायक्रॉन, खाली ३०० मिमीवर १० च्या आत. स्पिंडल निर्दोष होता.

मग त्याने आमच्या होल्डरच्या टेपरला निळ्या शाईचा पातळ हात दिला, स्पिंडलमध्ये क्लॅम्प केला आणि बाहेर काढला. चांगल्या होल्डरवर ८० टक्क्यांच्या वर पृष्ठभागावर संपर्काची खूण दिसते, आणि थोडाफार फरक असलाच तर टेपर मोठ्या टोकाशी, म्हणजे कटरच्या बाजूला, घट्ट बसलेला असतो. आमचा उलटा निघाला. खूण फक्त छोट्या टोकाशी. म्हणजे पुल स्टडच्या बाजूला होल्डर धरलेला आणि कटरच्या बाजूला ढिला. असा होल्डर लोड आला की तोंडाशी हलतो, टेपरवर तांबूस डाग पडतात आणि कालांतराने स्पिंडलचा टेपरही खाल्ला जातो. होल्डर बदलता येतो. स्पिंडल ग्राइंड करायची वेळ आली तर मशीन उभं राहतं, आणि हप्ता काही उभा राहत नाही.

बाकीची चोरी त्यानंतर उघड झाली. फ्लँजला दोन ड्राइव्ह स्लॉट असतात, त्यांत स्पिंडलच्या की बसतात. नव्या होल्डरच्या स्लॉटच्या कडा धारदार हव्यात. आमच्या होल्डरच्या कडा दबलेल्या होत्या, आणि त्या दबलेल्या जागेवरही ताजा काळा रंग चढवलेला होता. एटीसीचा हात जिथे पकडतो त्या व्ही-खाचेत घासल्याच्या रेघा होत्या. कंपनीचं नाव लेसरने कोरलेलं होतं, पण त्याखालची जागा बफिंगने किंचित खोल गेलेली, नखाला लागायची. दोन होल्डरवर एकच सिरियल नंबर होता. वापरून भंगारात निघालेले होल्डर घेऊन, टेपर पुन्हा ग्राइंड करून, काळे करून, नवीन नाव टाकून ते आम्हाला विकले होते. कोलेट बसतो तो आतला टेपर मात्र कुणी हातही न लावता तसाच झिजलेला ठेवला होता. म्हणून कोलेट बदलूनही रनआउट हटत नव्हता.

ग्राइंड केलेला टेपर पकडायची एक सोपी रीत आहे, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. बीटी४० चा टेपर ७/२४ चा (२४ मिमी लांबीत व्यास ७ मिमीने बदलतो), गेज लाइनवर, म्हणजे मोठ्या टोकाच्या मोजणीच्या रेषेवर, व्यास ४४.४५ मिमी. व्यासात ०.१ मिमी माल निघाला की होल्डर साधारण ०.३४ मिमी आत सरकतो. म्हणजे फ्लँज आणि स्पिंडलचा चेहरा यांमधली फट कमी होते. सगळे होल्डर एकामागून एक क्लॅम्प करा आणि ती फट फिलर गेज किंवा स्लिप गेजने मोजा. नव्या, एका जातीच्या होल्डरमध्ये ती जवळजवळ सारखी येते. आमच्यात प्रत्येकाची वेगळी. होल्डर आत गेला की पुल स्टडही तितकाच वर जातो, ड्रॉबारच्या (स्टड ओढून धरणाऱ्या दांड्याच्या) पकडीचं गणित बिघडतं आणि मध्येच टूल क्लॅम्पचा अलार्म येतो. आमचा सेटर तो अलार्म रीसेट करून करून वैतागला होता.

पुल स्टडबद्दल तर मला सगळ्यात जास्त राग आहे. बीटी४० मध्ये एम१६ आट्याचेच, पण ४५ अंशांचे आणि ६० अंशांचे असे वेगवेगळे स्टड येतात. मशीनच्या पुस्तकात जो लिहिलाय तोच लागतो. आमच्या पॅकेजमध्ये दोन्ही मिसळून दिले होते. चुकीच्या कोनाच्या स्टडवर पकड अर्धवट बसते, आणि वेगाने फिरणारा फेसमिल सुटला तर समोर उभा असतो तो ऑपरेटर. इथे पैशाचा प्रश्न मागे पडतो, माणसाच्या जिवाशी खेळ होतो. स्टड मशीन कंपनीने सांगितलेलेच नवे घ्या, होल्डरवाल्याने फुकट दिले तरी लावू नका.

माल परत घ्या म्हटल्यावर व्यापाऱ्याने बिल पुढे केलं. त्यावर एचएसएन ८४६६, १८ टक्के जीएसटी, "टूल होल्डर बीटी४०, २४ नग" एवढंच. मेक (कंपनीचं नाव) नाही, सिरियल नंबर नाही. कागदावर त्याने तैवानचं नाव कधी घेतलंच नव्हतं. वकिलांनी समजावलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळलेली आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला सवलत आहे, पण ते सिद्ध करावं लागतं. मालविक्री कायदा १९३० मात्र आमच्या बाजूने होता: वर्णनावरून आणि नमुन्यावरून विकलेला माल वर्णनाशी आणि नमुन्याशी जुळलाच पाहिजे. आमच्याकडे त्याचा व्हॉट्सअॅपवरचा कोटेशनचा मेसेज होता, त्यात मेक स्पष्ट लिहिलेला होता. नोटिशीला तोच मेसेज आणि मोजमापांचा रिपोर्ट जोडला. थोडी रक्कम परत आली, बाकीसाठी भांडण चालू आहे. तेव्हा अशा लोकांशी फोनवर बोलणं झालं तरी दर, मेक आणि मॉडेल नंबर त्याच दिवशी लेखी मागून घ्या आणि ते मेसेज पुसू नका.

पर्चेस ऑर्डरमध्ये मी आता हे लिहूनच देतो: मेक, मॉडेल, प्रत्येक होल्डरचा सिरियल नंबर बिलावर, आमच्या स्पिंडलवर निळा संपर्क आणि रनआउट तपासल्यावरच उरलेलं पेमेंट. रनआउटसाठी १० मिमीची ग्राइंड केलेली कार्बाइड पिन कोलेटमध्ये धरायची आणि होल्डरच्या तोंडाशी व ४० मिमी खाली डायल लावायचा. चांगला होल्डर आणि चांगला कोलेट असेल तर खालचा आकडा १० मायक्रॉनच्या आसपास येतो. आमच्या त्या होल्डरचे ३० ते ५० यायचे. अट ऐकून जो विक्रेता नाराज होतो, त्याच्याकडून मी घेत नाही. खात्रीचे विक्रेते उलट स्वतःच डायल घेऊन येतात.

आणि २४ पॉकेट भरायची घाई कशाला? सुरुवातीच्या कामाला ईआर३२ चे चार-पाच, खोल जागेसाठी एक लांब ईआर१६, रफिंगला साइड लॉक, एक फेसमिल आर्बर, एवढ्यावर बहुतेक कास्टिंगचं काम निघतं. पुढचे होल्डर हातात आलेल्या जॉबप्रमाणे घ्यावेत. त्या पॅकेजच्या पैशात अस्सल मालाचे एवढे होल्डर आरामात आले असते.

आम्ही आता बीटी४० चं टेस्ट मँड्रेल विकत घेतलंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, हातकणंगले भागात कुणी पहिलं मशीन घेत असेल आणि होल्डरचे पैसे अजून दिले नसतील, तर होल्डर घेऊन शॉपवर या. मँड्रेल, निळी शाई, डायल सगळं आहे. तपासून देतो, पैसे घेणार नाही.