आईची मशेरी आणि १८००-११-२३५६ : आमचा सात महिन्यांचा अनुभव

हा रिव्ह्यू तंबाखू सोडायच्या सरकारी हेल्पलाइनचा आहे आणि सोबत निकोटिन गमचापण, कारण आमच्या घरी दोन्ही एकत्रच वापरलं. आधीच सांगून टाकते, फोनला पाचपैकी पाच, गमला साडेतीन आणि तेही तो वापरायचा कसा हे कळल्यानंतर.

माझी आई ६१ वर्षांची, खेडला असते, आणि लग्नाच्या आधीपासून दातांना मशेरी लावते. लावायची. ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी, तंबाखूची पानं तव्यावर पार काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, फडक्यातून गाळायची आणि डबीत भरून ठेवायची. आमच्याकडे त्याचा तवा वेगळा होता, चुलीमागे भिंतीला टेकवून उभा असायचा, त्याच्यावर भाकरी कधी पडली नाही. भाजायला घेतलं की असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो. डबी म्हणजे क्रीमची जुनी डबी, झाकण घासून घासून पांढरं झालेलं, आणि आईच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत कायम काळपट. उठल्या उठल्या एकदा, जेवल्यावर, चारच्या चहानंतर, झोपताना, आणि मध्ये कुणी शेजारीण येऊन बसली की पुन्हा, म्हणजे दिवसाला सात-आठ वेळा सहज.

आणि विचारलं की म्हणणार, मी कुठं तंबाखू खाते, मी दात घासते. ती खोटं बोलत नव्हती हो, तिला मनापासून तसंच वाटायचं. तंबाखू म्हणजे पुरुष खातात ती, चुना मळून दाढेखाली धरायची.

गेल्या वर्षी दाढ दुखते म्हणून तिला डोंबिवलीला माझ्याकडे आणलं तेव्हा डेंटिस्टना खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून पांढरा चट्टा दिसला. पुढची तपासणी झाली, कॅन्सर नव्हता, त्या रिपोर्टची वाट बघताना आमचं काय झालं ते लिहवत नाही. डॉक्टर म्हणाले मशेरी आजपासून बंद. पण चाळीस वर्षांची सवय आजपासून बंद कशी करायची ते कुणी सांगितलं नाही. मेडिकलमधून दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम आणला (दोनचा चिठ्ठीशिवाय मिळतो), काउंटरवाल्याने पट्टी दिली, पैसे घेतले, विषय संपला. आईने तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला, वर गरम चहा, आणि मग उचक्या, घशात जळजळ, मळमळ. तिसऱ्या दिवशी पट्टी कचऱ्यात आणि डबी परत कमरेला.

नंबर मला मिळाला तो आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या पुडीवर. २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर तो छापतात, मी इतक्या वर्षांत कधी वाचलाच नव्हता. आणि तिथेच उभ्या उभ्या डोक्यात आलं की आईच्या डबीवर हा नंबर कधी येणारच नाही. ती बाजारातून सुट्टी पानं आणते आणि घरी भाजते, तिच्यापर्यंत ना ८५ टक्के जागेवरचा तो भयानक फोटो पोचतो ना हा नंबर, आणि आमच्या वाडीतल्या निम्म्या बायकांचं असंच आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्व्हेत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरतात असं आलंय, धूर काढणाऱ्या त्यात अगदी थोड्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तर फोन. १८००-११-२३५६, टोल फ्री, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. २०१६ ला दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाला, नंतर मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगलोरचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं कॅन्सर इन्स्टिट्यूट जोडलं गेलं त्यामुळे मराठीत बोलता येतं, आणि आईसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. पलीकडे एक ताई होत्या. आईने सुरुवातच केली की मी तंबाखू खात नाय, लेक उगाच फोन लावते. त्यावर त्या ताईंनी वाद घातला नाही, एवढंच विचारलं, "मावशी, सकाळी उठल्यावर मशेरी किती वेळात लागते?" आई म्हणाली, डोळे उघडले की लगेच, नायतर पोट साफ होत नाय. "आणि एखाद्या दिवशी डबी सापडली नाही तर?" आई गप्प. मग हळूच म्हणाली, डोकं फिरतं माझं. मी बाजूला भाजी निवडत होते, माझा हात थांबला, कारण चाळीस वर्षांत हे तिने स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा कबूल केलं.

त्यांनी लेक्चर दिलं नाही. सोडायची तारीख आईलाच ठरवायला सांगितली, तिने संकष्टी धरली. पोटाचं ऐकून सांगितलं की निकोटिन बंद झालं की काही दिवस असं होतंच, उठल्यावर कोमट पाणी प्या, थोडं चाला. तलफ आली की ती लाट काही मिनिटांची असते, तेवढा वेळ हाताला काम द्या, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा पण सुपारी अजिबात नको, सुपारीनेसुद्धा कॅन्सर होतो. आणि गमचं नीट समजावलं, जे खरंतर दुकानात सांगायला पाहिजे. हळूहळू चावायचा, तिखट चुरचुर लागली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा थोडा चावायचा, असा अर्धा तास. औषध तोंडाच्या आतल्या कातडीतून जातं, गिळलं तर पोटात जळजळ आणि उचक्या. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं घ्यायचा नाही, तोंड आंबट असलं की तो लागूच पडत नाही. (पुरुष तंबाखूत चुना घालतात त्याचं कारणही हेच उलट्या बाजूने, चुन्याने निकोटिन भराभर शोषलं जातं.) आईला बीपी आहे म्हणून डॉक्टरांना विचारून मगच सुरू केला.

आईने विचारलं, तंबाखू सोडायला परत तंबाखूचंच औषध कशाला? ताई म्हणाल्या, सवय लागते ती निकोटिनची, कॅन्सर होतो तो तंबाखूतल्या दुसऱ्या विषांमुळे, गममध्ये ती नसतात आणि गम आपण पुढे कमी कमी करत बंद करतो. हे तिला पटलं. गमला दीड मार्क कापला तो चवीसाठी, खर्चासाठी आणि जबडा दुखतो त्यासाठी. कवळी असेल तर चिकटतो हेही लक्षात ठेवा.

पहिले चार दिवस वाईट गेले. चिडचिड, झोप नाही, एकदा माझ्यावर ओरडून नंतर रडली. पण हेल्पलाइनवाले स्वतःहून फोन करतात, आपण विसरलो तरी ते विसरत नाहीत, आणि आई त्या फोनची वाट बघायला लागली होती. गणपतीत गावी गेली तेव्हा पडवीत सगळ्या जणी डबी घेऊन बसल्या आणि तिने दोन दिवस लावली. मला सांगितलं नाही, ताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, कुठल्या वेळेला लावावीशी वाटली ते आठवा, पुढच्या वेळी तिथून उठून जायचं. तिने पुन्हा बंद केली आणि चट्टा दाखवायला आम्ही नियमित जातोच.

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला होता, त्यात बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची, म्हणजे बहुतेक मशेरीवाल्याच, बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि दिवस भरायच्या आधीची बाळंतपणंही जास्त झाली. मी स्वतः आठव्या महिन्यातच जन्मलेली. तिला हे कळून आता काय मिळणार, पण ज्यांच्या घरात सून किंवा मुलगी गरोदर आहे आणि डबी फिरते त्यांनी प्लीज हे वाचा.

२००९ मध्ये तंबाखू आणि आरोग्याची जागतिक परिषद मुंबईत भरली होती. पुढे जेव्हा कधी निकोटिन-तंबाखूवरचे संशोधक जमतील तेव्हा त्यांनी घरी भाजलेल्या मशेरीवरही बोलावं असं मला फार वाटतं. गमवरचं बरंच संशोधन सिगारेटवाल्यांवर झालंय, पाकीटच नसलेल्या बायकांपर्यंत नंबर कसा न्यायचा हा प्रश्न मोठा आहे. रेशन दुकानात लिहा, आशाताईंकडे द्या, महिला बचत गटात सांगा.

खेडच्या घरी आता कालनिर्णयच्या मागच्या पानावर आईने तो नंबर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलाय. परवा शेजारच्या काकींना तिनेच फोन लावून दिला, आणि रिंग जात असताना त्यांना म्हणाली, मशेरी म्हणजे तंबाखूच गो, तसंच सांग त्यांना.