बडोद्यात जुनं घर घेताना: तपासणी सेवा कशी आहे?
दांडिया बाजार, रावपुऱ्यातलं जुनं घर किंवा फ्लॅट बघत असाल, तर बयाणा देण्याआधी घर तपासून अहवाल देणाऱ्या या सेवेकडून तपासणी करून घ्याच. या सेवेचं सगळ्यात भक्कम काम स्लॅबचं. हातोडीने ठोकून जिथे पोकळ आवाज येतो तिथे काँक्रीट थोडं फोडतात आणि ताज्या भागावर फिनॉल्फथॅलीन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) फवारतात. गडद गुलाबी रंग आला तर सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत. रंग चढलाच नाही, आणि तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल, तर ओल लागताच सळई गंजते, फुगते आणि वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडवते. पुट्टी-रंग मारून विकणारे नेमकं हेच झाकतात! म्हणून बाथरूमखालचं छत आणि बाल्कनीचा तळ आधी तपासायला सांगा.

वीजतपासणीही चोख. आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) नुसतं बटण न दाबता, ३० मिलिअँपिअरला ती पडते का हे उपकरणाने बघतात, अर्थिंगही मोजतात.

वाळवीचं काम मात्र वरवरचं. जुन्या वाड्यात सागवानी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक टोचून बघायलाच हवं, कारण ओल तिथेच मुरते. त्यासाठी पेस्ट कंट्रोलवाला वेगळा बोलवा.

घर विश्वामित्री नदीजवळ असेल तर ऑगस्ट २०२४ च्या पुराची रेघ, मीटरपेटीची उंची आणि जमिनीखालच्या टाकीची अवस्था अहवालात लिहून मागा. आपणहून लिहीत नाहीत. टायटल (मालकी हक्क), इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा उतारा), प्रॉपर्टी कार्ड (शहरी मिळकतीचा सरकारी उतारा) हे वकिलाकडून तपासून घ्या.