ग्लेझचा भाजका मासा: आठ महिने, एक ट्रे आणि बरेच करपलेले कोपरे

आठ महिन्यांपूर्वी हा प्रकार पहिल्यांदा केला तेव्हा ट्रेवर माशापेक्षा कोळसाच जास्त होता. कृतीत लिहिलं होतं तसंच केलं होतं. मध, सोया सॉस आणि लसूण कालवायचं, फिलेवर, म्हणजे माशाच्या बिनकाट्याच्या तुकडीवर, ओतायचं आणि २२० अंश सेल्सिअसला २० मिनिटं भाजायचं. फोटोतला मासा काचेसारखा चकाकत होता. माझ्या ट्रेवर फिलेच्या चारी बाजूंना काळं डबकं, त्यातून धूर, आणि आतला मासा नुसता चोथा. तरी खाल्ला, कारण रात्रीचे नऊ वाजले होते आणि दुसरं काही करायचं त्राण नव्हतं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, हेच करत आलेय. तीसेक वेळा तरी झालं असेल. कामावरून आल्यावर पाऊण तासात ताट वाढता येतं आणि त्यातला माझा प्रत्यक्ष उभं राहण्याचा वेळ १५ मिनिटांच्या आत असतो, हे आता खात्रीने सांगू शकते. पण हे जमायला दोन महिने गेले. ज्या एका समजुतीमुळे गेले, ती आधी सांगते.

मी ग्लेझला, म्हणजे माशावर चढवायच्या त्या गोड-खारट मिश्रणाला, मुरवण समजत होते. मुरवण आधी लावायचं, जितका वेळ ठेवाल तितकं चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. ग्लेझ त्या जातीचंच नाही. तो पाक आहे. त्याचं काम आत शिरण्याचं नसून वरच्या अर्ध्या मिलिमीटरवर चिकटून चकाकण्याचं आहे, आणि पाक २० मिनिटं कडक आचेत ठेवला तर तो करपणारच. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता.

मधाचंच बघा. त्यात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज आणि ३० टक्क्यांच्या आसपास ग्लुकोज असतं. साधी साखर कॅरमल व्हायला १६० अंशांच्या पुढे जावं लागतं, फ्रुक्टोजला मात्र ११०च्या आसपासच रंग चढायला लागतो. शिवाय या दोन्ही साखरा सोया सॉसमधल्या आणि माशातल्या प्रथिनांच्या घटकांशी थेट जुळून तपकिरी होतात. साध्या साखरेला आधी फुटावं लागतं, मग ते जमतं. म्हणून मधाचं ग्लेझ साखरेच्या ग्लेझपेक्षा लवकर रंगतं आणि लवकरच हाताबाहेर जातं. जोवर त्यात पाणी आहे तोवर थर शंभराच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की तापमान भराभर चढतं. माशावरच्या थराला खालून सतत ओलावा मिळतो, ट्रेवर ओघळलेल्या पातळ थराला तो मिळत नाही. म्हणून मासा अजून फिका असतानाच कोपरे काळे होतात. हे कळायला मला पाच ट्रे घासावे लागले.

सोया सॉस आणि गोडाचा असाच चकचकीत जपानी प्रकार म्हणजे तेरियाकी. त्या शब्दातच खरं तर उत्तर होतं. ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. जपानी स्वयंपाकात हा सॉस मासा बराचसा भाजून झाल्यावर ब्रशने लावतात, थोडं भाजतात, पुन्हा लावतात. एका जाड थराऐवजी तीन पातळ थर.

आता मी काय करते ते लिहिते. दोघांसाठी साल्मनचे दोन फिले, प्रत्येकी १५० ते १८० ग्रॅम. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा मध, एक लहान चमचा व्हिनेगर, लसणाची एक किसलेली पाकळी, थोडं किसलेलं आलं. हे छोट्या पातेल्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवायचं, तीन-चार मिनिटं लागतात. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद. एकतारी पाकापर्यंत नेऊ नका. गार झाल्यावर ते ब्रशला दोरीसारखं चिकटतं आणि मग कोमट पाण्याचा चमचा घालून सैल करत बसावं लागतं. शेवटी बोराएवढं लोणी घातलं तर चकाकी जास्त येते, पण मी ते अर्ध्या वेळा विसरते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लसूण आटवताना शिजलेला असला पाहिजे. कच्चा चिरलेला लसूण वर टाकून भाजला की त्याचे कडू काळे कण होतात.

ओव्हन २०० अंशांवर. मासा आधी नुसता, तेलाचं बोट (आणि मिठाच्या पाण्यात ठेवला नसेल तर मीठ) लावून जातो. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकडीला सात-आठ मिनिटं. मग बाहेर काढून पहिला हात, तीन मिनिटं आत. दुसरा हात, आणि मग फक्त वरची कॉइल, एक ते दोन मिनिटं. या दोन मिनिटांत फोन उचलायचा नाही, भांडं घासायला वळायचं नाही, दारावरची बेल वाजली तर वाजू द्यायची. माझा ओव्हन लहान आहे, कॉइल माशापासून वीतभरही लांब नाही. मोठ्या ओव्हनमध्ये थोडी सूट मिळत असेल, माझ्याकडे ३० सेकंदांत सोनेरीचं काळं होतं.

ब्रश लावताना एक काळजी. वाटीतलं अर्धं ग्लेझ आधीच बाजूला काढून ठेवते, ते ताटात वरून घालायला. अर्धवट कच्च्या माशाला लागलेला ब्रश ज्या वाटीत बुडतो, ती वाटी ताटापर्यंत न्यायची नाही.

मासा कोरडा करण्याबद्दल प्रत्येक कृतीत एक ओळ असते आणि प्रत्येकजण ती वगळतो. मीही वगळायचे. फिले स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने खरंच दाबून टिपले नाहीत, तर पृष्ठभागावरचं पाणी आधी वाफ होत बसतं, ग्लेझ त्यावरून घसरतं आणि सगळं खाली जमतं. टिपायला एक मिनिट लागतं. ग्लेझ माशावर टिकतं की ट्रेवर जातं, ते त्या एका मिनिटात ठरतं.

त्याच्याही आधीची एक पायरी मी तिसऱ्या महिन्यात सुरू केली. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात फिले दहा मिनिटं ठेवायचे. हे चवीपेक्षा त्या पांढऱ्या फेसासाठी. साल्मन भाजताना वर जो पांढरा दह्यासारखा पदार्थ येतो तो अल्ब्युमिन, म्हणजे पाण्यात विरघळणारं प्रथिन. स्नायूंचे तंतू उष्णतेने आवळले की ते पिळून बाहेर येतं आणि वर साकळतं. खायला काहीच वाईट नाही, पण चकचकीत तपकिरी थरातून पांढरे गोळे डोकावतात तेव्हा सगळी मेहनत रोगट दिसते. मिठाच्या पाण्याने ते बरंच कमी होतं, पूर्ण थांबत नाही. आच फार कडक असेल तर मिठाचंही काही चालत नाही. या पायरीनंतर वरून मीठ लावायचं नाही, सोया सॉस आहेच. एकदा दोन्ही केलं होतं. त्या रात्री सगळ्यांनी पाणीच जास्त प्यायलं.

घड्याळाबद्दल. कॅनडाचा नियम म्हणून एक जुना हिशेब आहे: कडक आचेत, साधारण २३० अंशांना, दर इंच जाडीला दहा मिनिटं. सुरुवातीला याचा आधार वाटला आणि जाडी बघायची सवय लागली, हा त्याचा खरा उपयोग. वजनाचा हिशेब फसवा असतो. २०० ग्रॅमची चपटी तुकडी सहा मिनिटांत होते आणि १५० ग्रॅमची जाड तुकडी बाराव्या मिनिटाला मध्ये कच्ची निघते. शेपटीकडचा पातळ भाग असेल तर मी तो खाली दुमडून टाकते, म्हणजे जाडी सारखी होते.

पण खरा फरक पडला तो पातळ सुईच्या थर्मामीटरने. या आठ महिन्यांत स्वयंपाकघरात घेतलेली ही एकमेव वस्तू, जिच्याबद्दल मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. माशाची प्रथिनं ४० अंशांच्या आसपासच आकार बदलायला लागतात आणि साठीपर्यंत तंतू बरंचसं पाणी सोडून बसलेले असतात. मटणासारखे लांब, चिवट धागे माशात नसतात. छोट्या तंतूंचे थर आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदे, जे कमी आचेतच विरघळतात. म्हणून काट्याने दाबलं की पापुद्रे सुटतात. आणि म्हणूनच लुसलुशीत आणि चोथा यांच्यात दोन-तीन मिनिटांचंच अंतर असतं.

मी साल्मन ५२ अंशांना बाहेर काढते. ताटात येईपर्यंत तो आणखी दोन-चार अंश चढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस ६३ अंशांची आहे, आणि घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी जेवायला असेल तर मी तीच पाळते, मग मासा थोडा कोरडा झाला तरी चालेल. अशा वेळी वरून घालायचं ग्लेझ जरा जास्त ठेवते. थर्मामीटर नसेल तर बारीक सुरी जाड भागात घालून पाच सेकंद ठेवा आणि ओठाखाली लावून बघा. थंड लागली तर अजून वेळ आहे, भाजण्याइतकी गरम लागली तर वेळ गेली.

माशांत साल्मनला तोड नाही, या कामापुरतं तरी. पाळलेल्या साल्मनमध्ये १०० ग्रॅममागे १३ ग्रॅमच्या आसपास चरबी असते, ती चुका पोटात घालते. कॉडमध्ये ती एक ग्रॅमही नसते. कॉड मी चार वेळा केला, दोनदा छान झाला, दोनदा ओल्या कागदासारखा. त्याला ग्लेझमध्ये मध कमी आणि लोणी जास्त लागतं. तिलापिया पातळ असल्याने सगळा हिशेब पाच-सहा मिनिटांत उरकतो, मग ग्लेझला रंग चढायला वेळच उरत नाही. त्याला सुरुवातीपासून वरच्या कॉइलखालीच ठेवलेलं बरं. ट्राउट आवडला. ट्यूना या पद्धतीने करू नका, त्याला भाजायचं तर तव्यावर मिनिटभर.

आंबटाचं प्रमाण मी आता एका लहान चमच्यावर आणलंय. आधी लिंबाच्या रसात मासा अर्धा तास भिजवून ठेवायचे. आम्लाने वरचा थर आचेशिवायच पांढरा आणि घट्ट होतो, आणि भाजल्यावर त्याला पीठ खाल्ल्यासारखा पोत येतो. लिंबू आता शेवटी, ताटात. वासासाठीही तेव्हाच त्याचा उपयोग. समुद्री माशाचा तो ओळखीचा वास ट्रायमिथिलअमाइनचा असतो आणि आम्लाशी जुळलं की ते उडायचं थांबतं. ट्रेसुद्धा आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसला की वास राहत नाही.

ट्रेवर काय पसरायचं, यावर मी जरूरीपेक्षा जास्त प्रयोग केले. बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यातलं काही फक्त खाऊ गुंडाळायचं असतं. ते ओव्हनमध्ये घातलं तर धुरकटतं आणि माशाला चिकटून बसतं. बेकिंगचा म्हणून लिहिलेला, सिलिकॉनचा थर असलेला कागद वेगळा, पण तोही साधारण २२० अंशांपर्यंतच आणि वरच्या कॉइलखाली तर नाहीच. माझा कोपरा एकदा पेटला होता, चिमट्याने धरून सिंकमध्ये टाकला. आता फॉइल. चकचकीत बाजू वर की खाली याने काही फरक पडत नाही, वादात पडू नका. फॉइलला तेलाचा हात मारून मासा कातडीची बाजू खाली ठेवते. भाजून झाल्यावर उलथनं कातडी आणि मांस यांच्यामध्ये सरकवलं की कातडी फॉइलवरच राहते आणि मासा अलगद सुटून येतो. भांडी घासण्याच्या बाबतीत याहून सोपी रात्र नाही.

फ्रीझरमधला मासा असेल तर सकाळी निघताना फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. हवाबंद पाकीट असेल तर ते आधी फाडायचं. हे मला फार उशिरा कळलं. हवा नसलेल्या पाकिटात, फ्रिजच्या थंडीतही, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा, एक प्रकारचा जंतू वाढू शकतो. विसरला असाल तर पिशवीत घट्ट बांधून थंड पाण्यात ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात सुटतो आणि लगेच शिजवायचा. गरम पाणी नाही.

उरलेला मासा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये तो पुन्हा गरम केला की शेजारच्या खोलीपर्यंत बातमी जाते आणि मांस रबरासारखं होतं. मी तो थंडच कुस्करून सॅलडमध्ये किंवा ब्रेडवर घेते. ग्लेझ मात्र बरणीत आठवडाभर छान राहतं, म्हणून आता दुप्पट करून ठेवते.

तक्रारी दोन. चार माणसांच्या वर हे जमत नाही. लहान ट्रेवर सहा फिले खेटून ठेवले की ते भाजायच्या ऐवजी वाफेत शिजतात, आणि दोन फेऱ्या करायच्या तर ‘झटपट’ कुठे राहिलं? दुसरी म्हणजे ओव्हनचा काटा खोटं बोलतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहिलं तर २००वर लावलेला माझा ओव्हन १८०च दाखवत होता. पहिल्या दोन महिन्यांतले कच्चे फिले त्याच्या खाती जातात, करपलेले माझ्या.

काल रात्री सोया सॉस संपलेला निघाला. मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी पेस्टचा, एक चमचा पाण्यात कालवून, मध तेवढाच ठेवून केलं. मिसो लवकर धरतो हे माहीत होतं, म्हणून कॉइलचा वेळ एका मिनिटावर आणला. रंग थोडा मंद आला, कडा मात्र नेमक्या हव्या तशा खरपूस झाल्या. दुसऱ्या फिलेचा फोटो काढायला गेले तोवर तो अर्धा संपला होता.