पॅरालॉइड बी-७२ : जुन्या रेल्वे डब्याच्या सुट्या भागांवर क्रमांक घालायला कितपत चांगले?

लाकडी सांगाड्याचा जुना सलून (रेल्वेचा खास डबा) डागडुजीसाठी खोलला की बिजागऱ्या, पितळी कड्या, खिडक्यांच्या चौकटी, सागवानी पट्ट्या यांचा ढीग साचतो. प्रत्येक भागावर क्रमांक हवा आणि तो पुढे कुणालाही भागाला इजा न करता काढता यायला हवा. पंचाने ठोकलेला आकडा कायमचा राहतो. चिकटपट्टी काही वर्षांत सुटते आणि मागे डाग ठेवते. पॅरालॉइड बी-७२ ही ऍक्रिलिक राळ दोन्ही अडचणी टाळते: वर्षानुवर्षे फारशी पिवळी पडत नाही आणि ऍसिटोनने पुन्हा विरघळते.

ही राळ दाण्यांच्या रूपात घ्यावी. ट्यूबमधला तिचा तयार गोंद जोडकामाला बरा, लिहिण्याच्या थराला फार घट्ट पडतो. २० ग्रॅम दाणे सुती फडक्यात बांधून ८० ग्रॅम ऍसिटोनमध्ये रात्रभर लटकत ठेवायचे. थेट टाकले तर तळाशी गोळा होतो. भाग पुसून तेल काढायचे, या द्रावणाची २ सेंटीमीटर लांबीची पट्टी लावायची, तासभर वाळू द्यायची आणि कार्बनच्या काळ्या शाईने लिहायचे. काळपट सागावर आकडा दिसत नाही, तिथे राळेत थोडे टायटॅनियम पांढरे (पांढऱ्या रंगाची पूड) मिसळावे. शाई जपायला वरचा थर बी-७२ चाच दिला तर त्यातले ऍसिटोन खालचा थर विरघळवते आणि शाई फिसकटते. म्हणून वर बी-६७ ही दुसरी पॅरालॉइड राळ व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावकात) विरघळवून लावतात.

आता खोट. बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडू लागते. नागपुरात, जिथे मोतीबागेत नॅरो गेजचे संग्रहालय आहे, मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या घरात जाते. पत्र्याच्या शेडमधला लोखंडी भाग त्याहून तापतो. पट्टी चिकट होते, धूळ धरते, दोन भाग एकावर एक ठेवले तर एकमेकांना चिकटतात. धातूसाठी पॅरालॉइडचीच, जास्त तापमानाला मऊ पडणारी बी-४८एन (सुमारे ५० अंश) किंवा बी-४४ (सुमारे ६०) घ्यावी. मुंबईच्या पावसाळ्यात दुखणे वेगळे: ऍसिटोन झपाट्याने उडते, पृष्ठभाग गार पडून त्यावर दव धरते आणि थर दुधाळ होतो. तेव्हा सावकाश उडणारे इथाइल ऍसिटेट वापरावे.

जुन्या रंगावर वा वॉर्निशवर ही राळ लावूच नये, ऍसिटोन तो थर मऊ करते. तिथे सुती फितीने बांधलेली चिठ्ठी बरी. रंग हाच पुरावा असतो. १९३० साली सुरू झालेल्या दख्खनच्या राणीच्या डब्यांचा एक संच चंदेरी व लाल, दुसरा निळा व सोनेरी होता; कृष्णधवल फोटो हे सांगत नाही, थर सांगतो. रंग काढण्याआधी एका कोपऱ्यात ओल्या पॉलिश पेपरने थर पायऱ्या पायऱ्यांनी उघडावेत आणि मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. कोरडे घासू नये, जुन्या रंगात शिसे असू शकते.

रंग काढायला कॉस्टिक सोड्याच्या टाकीत किंवा वाळूच्या माऱ्याखाली जाणाऱ्या भागावर कुठलीच राळ टिकत नाही. तिथे आकडे ठोकलेला स्टेनलेसचा बिल्ला तारेने बांधायचा. अॅल्युमिनियमचा चालत नाही, कॉस्टिक तो खाऊन टाकते. कोऱ्या, सच्छिद्र लाकडात पहिला थर मुरतो, म्हणून दोन थर लागतात. नंतर पुसला तरी थोडी राळ आत राहते. ‘सहज निघते’ हे पितळेबाबत खरे, सागाबाबत अर्धेच.

क्रमांकात डावे-उजवे लिहू नये. डबा फिरवला की बाजू बदलते. हातब्रेक असलेले टोक ‘अ’ धरून तिथून मोजावे, उदाहरणार्थ ‘अ-३-दार-बिजागरी-२’. नोंदवहीत त्याच क्रमांकापुढे भाग काढण्याआधीचा फोटो, स्क्रूची लांबी व खाच, आणि भाग तोच बसवला की नवा घडवला, हे लिहावे. नव्या भागाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला वर्षही टाकावे.