‘बफर केलेलं’ कोकोपीट: 172 ब्लॉकमध्ये फसवणूक कशी झाली, ते बॅगा भरण्याआधी वाचा

हरितगृहाच्या नव्या हंगामासाठी 12 लिटरच्या 1,000 ग्रोबॅग भरायच्या होत्या, म्हणजे 12,000 लिटर कोकोपीट, मातीऐवजी वापरायचा नारळाच्या सोडणाचा भुसा. 5 किलोचा चांगला ब्लॉक भिजल्यावर 70 लिटरच्या आसपास फुलतो. त्या हिशेबाने 172 ब्लॉक मागवले, ‘धुतलेलं आणि बफर केलेलं’ असं लेखी ठरवून. 80 टक्के रक्कम आगाऊ दिली. पुढची तऱ्हा नव्याने सांगायला नको: नमुना उत्तम, बोलणं गोड, आणि माल उतरला की फोन बंद.

ब्लॉक सरासरी 46 लिटरच फुलला. 172 ब्लॉकचं 7,912 लिटर झालं. 659 बॅगा भरल्या, 341 रिकाम्या राहिल्या. एक ब्लॉक पिंपात सुटा करून ढवळला तर तळाशी वाळू बसली. वाळवून तोलली, 1.1 किलो! नमुन्यात वाळूचा कणही नव्हता. म्हणून नमुना विक्रेत्याच्या हातून घेऊच नका. गाडीतल्या मधल्या थरातला ब्लॉक स्वतः काढा आणि उरलेली गाडी उतरवण्याआधी तो भिजवा. 20 ते 25 लिटर पाणी आणि थोडा वेळ, एवढंच लागतं.

पण वाळू ही छोटी चोरी. खरा घात बफरिंगचा.

नारळाच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियम दोन प्रकारे असतात. काही पाण्यात विरघळलेले, ते धुतल्यावर निघून जातात. बाकीचे भुशाच्या कणांना चिकटलेले, ते नुसत्या पाण्याने हलत नाहीत. त्यांना कॅल्शियमनेच हुसकावावं लागतं, यालाच बफरिंग म्हणतात. ते केलं नाही तर रोपाला दिलेलं कॅल्शियम भुसा धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. कोवळ्या पानांच्या कडा जळतात, शेंडा आखडतो, टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं. आणि विक्रेता म्हणतो, तुमचं खताचं गणित चुकलं.

मालाची ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं मीटरवरचं माप, मोजलीच नाही, असं कोणी म्हणू नये. एक भाग कोकोपीट, दीड भाग पाणी, रीतसर मोजली. 0.5 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर आली, म्हणजे कमीच. यापुढे कोणी शंका का घ्यावी? गोम अशी की हा आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा. कणांना चिकटलेला सोडियम मीटरला दिसत नाही, आणि कॅल्शियमच्या जागी सोडियम पाण्यात उतरला तरी ईसी जवळपास तेवढीच राहते. या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. ते मीटरपुरता माल धुतात.

कळायला हवं होतं ते एका उत्तरावरून. बफरिंगला कोणता कॅल्शियम क्षार वापरला, किती तीव्रतेचा, किती तास, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘तीन पाण्यांतून काढलाय साहेब, निश्चिंत राहा.’ तीन पाण्यांत कॅल्शियम कुठे आलं? बफरिंग खरंच करणारा माणूस द्रावण आणि तास न अडखळता सांगतो. त्या क्षणी व्यवहार थांबायला हवा होता. पण रोपवाटिकेत रोपं लागणीला आली होती आणि आगाऊ रक्कम गेलेली होती. हे लोक घाईच्या दिवसांतच गाठतात.

पारखायची रीत सोपी आहे. आरओच्या पाण्यात लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा. एक लिटर फुललेलं कोकोपीट त्यात रात्रभर ठेवा, पिळून निघालेल्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात उरलेलं कॅल्शियम, थेंबांच्या संचाने मोजा. द्रावणाची कठीणता 700 पीपीएमच्या आसपास असते. या मालातून 230 निघाली. बफर झालेल्या मालात इतकी घसरण होत नाही.

तक्रारीचं काय झालं? पोलीस म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा दिवाणी वाद. कृषी कार्यालय म्हणालं, कोकोपीट खत नाही, बियाणं नाही, आमच्याकडे येत नाही. वजनमापवाल्यांनी ब्लॉक काट्यावर ठेवला, 5 किलो भरला, विषय संपला. अहो, वाळू घालूनच तर ते वजन भरलंय! प्रयोगशाळेच्या अर्जावर माती, पाणी, खत एवढेच रकाने. नमुना माती म्हणून घेतला आणि अहवालात सोडियमच नाही. प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचं नाव मिळालं, पोच एकानेही दिली नाही. हंगाम अर्जांसाठी थांबत नाही, हे तिथल्या कोणाला कळत नाही की कळून घ्यायचं नाही?

ग्रोबॅगही त्याच गाडीतून आल्या, 150 मायक्रॉन म्हणून. बॅगही तोलून घ्या: 150 मायक्रॉनचा एक चौरस मीटर पॉलिथिन साधारण 138 ग्रॅम भरतो. 40 बाय 40 सेंटिमीटरची सपाट पिशवी, दोन्ही बाजू धरून, 44 ग्रॅम हवी. आलेली 24 ग्रॅमची होती, म्हणजे 80 मायक्रॉनच.

असा माल गळ्यात पडलाच असेल तर बॅगा भरण्याआधी वरच्याच कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवा, निचरा करा, पुन्हा भिजवा. एका भिजवणीने भागत नाही. आत घातलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याची कठीणता जवळ येईपर्यंत करा, मग साध्या पाण्याने धुवा. मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं तर वेगळं द्या. कॅल्शियमच्या घट्ट द्रावणात घातलं तर जिप्समचा साका बसतो, ठिबकची छिद्रं बुजतात.

बिलावर ‘बफर केलेलं’ हा शब्द, द्रावणाची तीव्रता आणि प्रति ब्लॉक लिटर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. आणि दोन ब्लॉक वेष्टणासकट, न फोडता, बिलासोबत बाजूला ठेवा. सगळे भिजवून टाकलेत तर दाखवायला पुरावा उरत नाही.